चुलीची व्याख्या

सुनावणीत मागच्या रांगेतून एक बाई उभी राहिली आणि मला मॅडम म्हणाली, यात वावगं काही नव्हतं. सकाळपासून सगळे मला मॅडमच म्हणत होते. वावगं एवढंच, की ती माझी सून होती, आणि त्याच दिवशी सकाळी तिनं दारापर्यंत येऊन 'आई, चष्मा विसरलात' म्हणून माझा चष्मा माझ्या हातात दिला होता. तोच चष्मा लावून मी आता तिच्याकडे बघत होते. माईक हातोहात मागे गेला. तिनं तो तोंडापासून जरा लांब धरला, त्यावर टकटक केलं नाही, 'हॅलो हॅलो' केलं नाही, सरळ विचारलं, "मॅडम, एकाच घरात राहणाऱ्या माणसांनी वरच्या मजल्यावर दुसरं स्वयंपाकघर केलं, तर तुम्ही ते नवीन घर धरणार का? आणि त्याला हे शुल्क लागणार का?" सुनावणीचा नियम असा, की प्रश्न आला की उत्तर द्यायचं, प्रश्न विचारणाऱ्याचं तोंड बघायचं नाही. मी उत्तर दिलं. "हो. मसुद्यातल्या व्याख्येप्रमाणे वेगळी चूल म्हणजे वेगळं घर. शुल्क लागेल." चूल हा शब्द ऐकून लोक हसले. प्रत्येक सुनावणीत हसतात. ती हसली नाही. "ठीक आहे, धन्यवाद," म्हणाली आणि खाली बसली. माईक पुढच्या माणसाकडे गेला, त्याला गाड्या लावायच्या जागेबद्दल बोलायचं होतं. माझ्या शेजारी बसलेले साहेब माझ्याकडे झुकून म्हणाले, "प्रश्न चांगला आहे हो. कोण आहे ही?" मी म्हटलं, "नागरिक."

मी पालिकेच्या नगररचना विभागात आहे. गेलं वर्षभर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, एक नवं शुल्क होतं. शहराच्या कडेकडेनं इमारती उठताहेत, त्यात माणसं राहायला येणार, आली की त्यांना मैदान लागणार, वाचनालय लागणार, आग लागली तर बंब लागणार. हे सगळं कोणाच्या पैशांनी करायचं? तर जे नवं बांधतात त्यांच्या. कल्पना एवढीच. पण कल्पनेला नाव द्यायचं म्हणजे बारशाच्या आधीच भांडण. पहिल्या मसुद्यात कोणीतरी 'विकास आघात शुल्क' असं लिहिलं होतं. एक म्हातारे नगरसेवक म्हणाले, "आघात काय, कोणी गेलंय का घरातलं?" मग 'परिणाम शुल्क' झालं, त्यावर 'दुष्परिणाम' असा विनोद झाला, शेवटी मी 'भार' सुचवलं आणि ते टिकलं. नव्या घराचा शहरावर पडणारा भार. एका घरामुळे मैदानाचा किती तुकडा जास्त लागतो, वाचनालयातली किती खुर्ची, बंबाचा किती हिस्सा, हे मी काढत बसले होते. त्या दिवसांत रस्त्यानं जाणाऱ्या जोडप्याकडे बघितलं तरी मला आधी त्यांच्या वाट्याचा बंब दिसायचा. सून एकदा म्हणाली होती, "आई, मी तुमच्या शहराला किती जड पडते?" मी तिला आकडा सांगितला होता. ती थट्टेनं विचारत होती हे माझ्या नंतर ध्यानात आलं, तोवर ती भांडी लावायला निघून गेली होती.

पण भार मोजायचा तर आधी घर मोजावं लागतं, आणि घर म्हणजे काय हेच आम्हाला सांगता येईना. दार म्हणावं तर बिल्डर एका दाराआड चार बिऱ्हाडं घालतात. विजेचं मीटर म्हणावं तर एका मीटरवर अख्खी गल्ली चालते. शेवटी स्वयंपाकघरावर येऊन थांबलो. जिथे वेगळं शिजतं, तिथे वेगळं घर. मी लिहिलं, 'स्वतंत्र पाकसिद्धीची सोय असलेला निवासी घटक'. साहेब म्हणाले, "मॅडम, हे वाचून माझी भूकच मेली. माणसांना कळेल असं लिहा." मग मी खाली स्पष्टीकरण जोडलं, 'ज्या ठिकाणी वेगळी चूल आहे ते वेगळे घर समजावे.' साहेबांनी ते वाचून मांडीवर थाप मारली. पुढच्याच आठवड्यात एका बिल्डरच्या इंजिनियरची हरकत आली, की आमच्या एकाही इमारतीत चूल नाही, सर्वत्र गॅस आहे, सबब आम्हाला शुल्क लागू होत नाही. मला वाटलं गंमत करतोय. पण आमच्या विधी अधिकाऱ्यांनी ती हरकत गांभीर्यानं घेतली, बैठक बोलावली, आणि चूल या शब्दात शेगडी येते का यावर शिकलेली माणसं दुपारभर वाद घालत बसली. मी त्यांना सांगत होते की चूल म्हणजे ती मातीची वस्तू नव्हे, वेगळी चूल मांडणं म्हणजे... आणि पुढचं वाक्य मला पूर्ण करता आलं नव्हतं. म्हणजे काय ते सगळ्यांनाच माहीत होतं. शेवटी 'चूल म्हणजे अन्न शिजवण्याचे कोणतेही कायम साधन' अशी चुलीचीही व्याख्या करून आम्ही उठलो.

सुनावणी पुढे चालू होती आणि मी उत्तरं देत होते. माझा आवाज मला व्यवस्थित ऐकू येत होता, कानावर हात ठेवून बोलल्यावर येतो तसा, आतून. हाताखालच्या टेबलाची कड थंड होती. एक निवृत्त गृहस्थ उभे राहिले. त्यांचं म्हणणं, आमच्या जुन्या वस्तीत इतकी वर्षं वाचनालय नाही, या नव्या लोकांकडून पैसे येणारच आहेत तर त्यातून आमचंही करून टाका. हा प्रश्न मला आवडतो, कारण याचं उत्तर मला फार छान देता येतं. मी त्यांना सांगितलं की या शुल्काचा पायाच असा आहे, नव्या माणसानं स्वतःचा भार उचलायचा, आधीच्या तुटीचा नाही. तुम्हाला आजवर जे मिळालं नाही, ते नव्यानं येणाऱ्याच्या खिशातून वसूल करायचं नाही. तसं केलं तर ते शुल्क राहत नाही, ती खंडणी होते. "जुनी तूट आपली आपण भरायची," मी म्हणाले. गृहस्थ नाराज झाले, पण बाकीच्यांनी माना हलवल्या. तेवढ्यात मागे माझी सून उठली. तिनं खांद्याला पर्स लावली, शेजारच्या बाईचे पाय चुकवत बाजूच्या दाराकडे गेली. ती दातांच्या प्रयोगशाळेत काम करते, कवळ्या बनवते; अर्धा दिवस रजा काढून आली असणार. दाराशी ती थांबली, कमरेवर हात ठेवून जराशी मागे वाकली, आणि बाहेर पडली. मला भीती वाटली. कशाची ते त्या क्षणी सांगता आलं नसतं. पण ती भीतीच होती, राग नव्हता, हे मी नक्की सांगू शकते. रागाची आणि माझी ओळख जास्त आहे.

तिनं बोलून टाकल्यावर बांध फुटल्यासारखे लोक उठले. कोणाला आईसाठी खाली खोली काढायची होती, कोणाच्या लग्न झालेल्या भावाला वर जायचं होतं, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, आम्ही एकाच रक्ताचे, आमची दुसरी चूल मोजू नका. साहेब खूश होते. संध्याकाळी त्यांच्या खोलीत चहा घेताना म्हणाले, "देऊन टाका सवलत. एका कुटुंबातली दुसरी चूल माफ. घरोघरी मातीच्या चुली, मॅडम, कोणाच्या कोणाच्या मोजणार?"

"किती लोक एक कुटुंब निघतील, कल्पना आहे का तुम्हाला?" मी म्हटलं. "उद्या अख्खी इमारत चुलतभाऊ म्हणून येईल."

"येऊ द्या. तेवढाच एकोपा."

"आणि मग मैदान?"

"मैदान काय पळून जातंय? उद्या मला कलम लिहून द्या. टाळ्या मिळतील असं लिहा."

मी माझ्या टेबलाशी आले आणि लिहायला बसले. आश्चर्य असं, की ते कलम माझ्या हातून भराभर उतरलं. एका छपराखाली राहणारे, रक्ताच्या किंवा विवाहाच्या नात्यानं बांधलेले, अशांची दुसरी चूल ही वेगळे घर समजू नये. वाचून बघितलं. छान होतं. मला इतकं बरं वाटलं की मी थांबले. पैशांचं मला काही नव्हतं. मुलगा-सून दोघं मिळवती आहेत, शुल्क भरायला जड गेलं नसतं. मग बरं कशाचं वाटलं? समजू नये, या दोन शब्दांचं. ती वर गेली, तिनं वर ओटा घातला, तिथे स्वतःच्या पातेल्यात स्वतःला हवं तसं शिजवलं, तरी पालिकेच्या दप्तरी आमचं एकच घर राहिलं असतं, आणि ते माझं असतं. मला हे कळलं आणि मी पेन खाली ठेवलं. मग उलट्या बाजूनं आणखी एक गोष्ट समोर आली. मूळ स्पष्टीकरण मी लिहिलं ते गेल्या वर्षी. त्याच सुमारास मुलगा जेवताना पहिल्यांदा म्हणाला होता, 'गच्चीवर दोन खोल्या काढल्या तर?' आधी हे की आधी ते, मला खरंच आठवत नाही, आणि आठवायचा प्रयत्न करावा असंही वाटलं नाही. शहराला नियम हवा होता, नियम बरोबर होता. पण तो बनवताना मी पालिकेत बसले होते की माझ्या स्वयंपाकघरात, हे मला कोणी शपथेवर विचारलं असतं तर मी साहेबांकडे बघितलं असतं.

माझ्या स्वयंपाकघरात, असं मी म्हणते. ते माझं होऊन काही फार काळ झालेला नाही. आधी ते सासूबाईंचं होतं. त्या ठेंगण्या होत्या आणि ओटा त्यांनी स्वतः उभं राहून गवंड्याकडून घालून घेतला होता, त्यांच्या कमरेच्या मापानं. मी उंच. मी त्या ओट्यावर वाकूनच कणिक मळली, वाकूनच भाज्या चिरल्या, आणि पाठ दुखते म्हटल्यावर त्या म्हणाल्या होत्या, 'होते सवय.' खोटं नव्हतं ते, होते सवय. लग्नानंतर काही वर्षांनी मला नोकरीतलं घर मिळत होतं, कार्यालयाच्या मागेच, दोन खोल्या आणि उंच ओटा. मी बघून आले होते, ओट्यावर तळहात ठेवून बघितला होता. घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, 'जा की. मी कोण अडवणार?' आणि त्या क्षणापासून माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. आम्ही गेलो नाही. न जाऊनही त्यांचा अबोला सुटला नाही, कारण त्यांच्या हिशेबी मी जाऊन आलेच होते. एका ओट्याशी दोघी उभ्या, माझा हात त्यांच्या हाताला लागायचा, आणि मध्ये माझा लहान मुलगा. 'आईला सांग, मीठ संपलंय.' 'आजीला सांग, आणलंय.' तो बिचारा एका हाताच्या अंतरावरून निरोप पोचवायचा. त्याला वाटायचं हा खेळ आहे. पुढे मोठा झाला तसं वाटेनासं झालं. लोक म्हणतात चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. माझी उमेद वाट बघण्यातच गेली. सासूबाई गेल्या तेव्हा मी रडले, आणि रडता रडता माझ्या मनात आलं, आता ओटा वर करून घ्यावा. घेतला नाही. का नाही घेतला? नवरा होता तेव्हा तो म्हणायचा, 'फोडू या हा ओटा,' आणि मीच म्हणायचे, 'राहू दे, आता सवय झाली.' पुढे तोही गेला. मग सून आली, माझ्याहूनही बोटभर उंच, आणि त्याच ओट्याशी उभी राहिली.

इथवर आल्यावर मला दुपारचं माझंच उत्तर ऐकू आलं, त्या निवृत्त गृहस्थांना दिलेलं, जुनी तूट नव्यानं येणाऱ्याकडून वसूल करायची नाही. मला पश्चात्ताप वगैरे झाला नाही. मला फक्त दिसलं, जसं एखाद्या नकाशात चुकीची रेघ दिसते आणि ती इतके दिवस सगळ्यांच्या नजरेतून कशी सुटली याचं नवल वाटतं. मी लिहिलेलं कलम फाडलं नाही, तसंच ठेवून साहेबांकडे गेले. ते निघायच्या तयारीत होते.

"हे कलम मी लिहू शकत नाही," मी म्हटलं. "माझ्याच घरचं आहे. दुपारी चुलीचं जिनं विचारलं ती माझी सून."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी दोन्ही हातांनी थोपवलं असतं. हसू होतं ते, पण वाईट नव्हतं. "म्हणून ते 'नागरिक' का?" ते म्हणाले. "अहो, असं म्हणायला लागलो तर हे कलम लिहायला अनाथ माणूस शोधावा लागेल. माझ्या घरात तीन चुली आहेत, आणि एकीवरही मला वेळेवर चहा मिळत नाही."

"तरी मी नाही लिहीत. तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर सवलत देऊ नका."

"सून वर गेली तर शुल्क भरावं लागेल तिला."

"हो."

"आपलेच दात, आपलेच ओठ," ते म्हणाले, आणि दिवा मालवला.

मी पायी निघाले. आमच्या घराकडे जाणारा रस्ता नव्या इमारतींच्या अंगावरून जातो. काहींत माणसं आली होती, काहींना अजून खिडक्याच नव्हत्या. माणसं राहत असलेल्या घरांची स्वयंपाकघरं रस्त्यावरून ओळखू येतात. भिंतीत एक गोल भोक, त्यात फिरणारा पंखा, आणि त्याखाली भिंतीवर उतरलेला तेलकट ओघळ. एरवी मी जाता जाता ती मोजते. त्या दिवशी मोजली नाहीत, नुसती बघितली. एका खिडकीत एक बाई चमच्यानं काहीतरी चाखत होती. चाखलं, मीठ घातलं, पुन्हा चाखलं, मागे वळून कोणालाही विचारलं नाही. मी तिथे किती वेळ उभी होते कुणास ठाऊक, एक सायकलवाला घंटी वाजवून 'बाजूला व्हा, काकू' म्हणाला तेव्हा चालू लागले.

घरी मुलगा आला होता. तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे. वर आणि खाली यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना सोडवणं हे त्याचं काम, आणि त्यात त्याचं नाव आहे. घरात मात्र तो कुठलंही बटण दाबायला तयार नसतो. मी चपला काढेपर्यंत तो बाहेरच्या खोलीत उभाच राहिला.

"आज ती आली होती सुनावणीला," मी म्हटलं.

"माहितीये."

"तू सांगितलं नाहीस मला. वर स्वयंपाकघर करायचं ठरलंय हे."

"आई, मला मध्ये घेऊ नका. तू पण नको, ती पण नको. मी लहानपणी खूप निरोप पोचवलेत." हे तो इतक्या शांतपणे म्हणाला, की त्यानं ते बऱ्याच आधी पाठ करून ठेवलं असावं. मग त्यालाच ते जड झालं. "मी जरा दुकानात जाऊन येतो," म्हणाला, आणि पिशवी न घेता गेला.

सून आत होती. भाजी चिरत होती. मी दाराशी उभी राहिले तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की ती कशी उभी राहते. पाय फाकवून, गुडघे थोडे वाकवून, उंची कमी करून. दिवसभर दुसऱ्यांच्या दातांवर वाकायचं आणि घरी येऊन पुन्हा हे. माझ्या सासूबाई जाऊन इतकी वर्षं झाली, आणि त्यांच्या कमरेच्या मापाला अजून एक बाई स्वतःला बसवत होती. मी आत जाऊन स्टुलावर बसले. तिनं माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला, सवयीनं, आणि पुन्हा सुरी हातात घेतली.

"घरी का नाही विचारलंस?" मी म्हटलं.

"विचारलं होतं. दोनदा." ती चिरत राहिली. "एकदा तुम्ही म्हणालात, बघू. दुसऱ्यांदा तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवला. तिथे तुम्हाला उत्तर द्यावंच लागतं ना? नियम आहे म्हणाला होतात तुम्हीच."

ती खरं बोलत होती, आणि टीव्हीचं तर माझ्या ध्यानातही नव्हतं.

"तुम्हाला सगळ्यांसमोर खाली बघायला लावायचं नव्हतं मला," ती म्हणाली. "म्हणून मॅडम म्हटलं. कोणाला कळू नये म्हणून."

"कळलं नाही कोणाला. मग मीच सांगितलं साहेबांना."

"अगं बाई." तिनं सुरी ठेवली. "आता?"

"आता काही नाही. लोक सवलत मागताहेत, एका कुटुंबाला माफ करा म्हणून. मी त्यातून हात काढून घेतला. ते ठरवतील."

"तुमचं मत काय?"

"माझं मत, सवलत नको. वेगळं शिजतं ते वेगळं घर. त्याचा भार त्यानं उचलावा."

मला वाटलं तिला वाईट वाटेल. ती माझ्याकडे वळली, ओट्याला टेकली, आणि म्हणाली, "मलाही नको. मी त्याला तेच म्हणाले. माफ झालं तर ते तुमच्याच घरातलं राहील. मग तुम्ही वर येऊन डबे उघडून बघाल."

"मी डबे उघडून बघते?"

"रोज, आई."

मला हसू आलं, तिलाही आलं, पण दोघींचं ते फार टिकलं नाही. बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा तो टूं टूं आवाज बराच वेळ चालू होता. ती जे विचारणार होती ते मला कळलं होतं, आणि तरी मी उठले नाही. उठून जायची पद्धत मला चांगली येते. टीव्ही शेजारच्याच खोलीत होता.

"आणखी एक विचारू?" ती म्हणाली. "हे त्यानं सांगितलंय मला, आजींचं आणि तुमचं. मीठ संपलंय म्हणून सांग, ते." तिनं हात पदराला नव्हे, भिंतीवरच्या फडक्याला पुसले, बोट न् बोट. "आम्ही वर गेलो, की तुम्ही माझ्याशी बोलायच्या बंद होणार का?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. काहीतरीच काय, म्हणायचं, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवायचा. कोणत्याही सासूला जमेल. पण मी स्वतःच्या आत बघितलं, आणि तिथे तो अबोला होता, तयार, घडी घालून ठेवलेला, मला सासूबाईंकडून आला तसाच्या तसा. तो वापरायचा नाही असं ठरवता येईल, पण तो नाहीच असं कसं सांगू?

"होईन," मी म्हटलं. "थोडे दिवस. राग येईल मला. एकटीचं ताट वाढून घेताना तर फारच येईल."

तिनं मान हलवली. तिचे डोळे भरले होते, पण ती सुटल्यासारखी दिसत होती. "किती दिवस?"

"ते आत्ता नाही सांगता येणार. मुद्दाम नाही करणार. पण तोंड उघडणार नाही, हे मला माहितीये."

"चालेल," ती म्हणाली. वळून तिनं पुन्हा सुरी उचलली, पाय फाकवले, आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "मी वरून हाक मारत जाईन. रोज. तुम्हाला ओ द्यावीशी वाटेल तेव्हा द्या."